पिंपातली एल आणि खोलीतलं वातावरण : इंग्लंडमधल्या पबची तुलना कशी करतात?



आजचा विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसत असतील, ते मला इथून दिसतंय. हसायला हरकत नाही. प्रश्न असा आहे : एका गावात दोन पब आहेत, त्यांतला चांगला कोणता? इंग्लंडमध्ये गेली पन्नासेक वर्षं हा प्रश्न अतिशय गांभीर्याने विचारला जातो. त्यावर दरवर्षी जाडजूड पुस्तक निघतं, गावोगावचे लोक गुण देतात, त्यातून वर्षाचा सर्वोत्तम पब निवडला जातो. आणि या सगळ्या वादाच्या मध्यभागी दोनच शब्द असतात. एक 'रिअल एल', दुसरा 'वातावरण'.

आज मला हे दाखवायचंय की हे दोन निकष दिसतात तितके वेगळे नाहीत. एक दुसऱ्यावर उभा आहे. आणि दुसरा, म्हणजे वातावरण, हा शब्द ऐकायला जितका मऊ आहे तितका त्याचा इतिहास मऊ नाही.

आधी एक खुलासा करतो. आपल्याकडे 'पब' म्हटलं की पुण्या-मुंबईतला कानठळ्या बसवणारा डीजे डोळ्यांसमोर येतो. आधीच्या पिढीला आठवते ती परमिट रूम. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर प्यायला परवाना लागू लागला, त्या परवान्याच्या व्यवस्थेतून आलेली ही जागा : काळ्या काचा, मंद दिवे, बाहेर पडताना इकडेतिकडे बघणं. इंग्लंडमधला पब यांपैकी काहीच नाही. 'पब्लिक हाउस' या शब्दाचं ते लघुरूप. पब्लिकसाठी उघडं असलेलं घर. त्यातला 'घर' हा भाग महत्त्वाचा आहे, आणि 'पब्लिक' हा भाग किती खरा होता, ते आपण पुढे पाहणार आहोत.

ऑर्वेलची यादी

सुरुवात १९४६ पासून करू. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड' या वर्तमानपत्रात जॉर्ज ऑर्वेल यांचा एक छोटा लेख आला. ऑर्वेल म्हणजे आपल्या बिहारमधल्या मोतिहारीला जन्मलेले, 'ॲनिमल फार्म' लिहिणारे. लेखाचं नाव होतं 'द मून अंडर वॉटर'. त्यात त्यांनी आपल्या लाडक्या पबचं वर्णन केलंय. गल्लीत असलेला, बसथांब्यापासून दोन मिनिटांवरचा. आतलं लाकूडकाम, आरसे, सगळं व्हिक्टोरियन काळातलं. रेडिओ नाही, पियानो नाही, त्यामुळे गप्पा मारता येतात. काउंटरवरच्या बायका गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात. सँडविच मिळतं, टपालाची तिकिटंही मिळतात. चिनी मातीच्या मगातून बिअर मिळते. मागे बाग आहे, म्हणून बायकामुलंही येतात. असे दहा गुण सांगून झाल्यावर लेखक हळूच कबूल करतात की असा पब अस्तित्वात नाही. दहापैकी आठ गुण असलेला एक त्यांना माहीत आहे, बस्स.

या लेखातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे, ऑर्वेल स्वतःच म्हणतात की पब का आवडतो असं विचारलं तर माणूस पहिल्यांदा बिअरचं नाव घेईल, पण त्यांना मुख्यतः ओढ आहे ती तिथल्या वातावरणाची. म्हणजे तुलनेचे आपले दोन्ही निकष १९४६ मध्येच समोरासमोर उभे आहेत.

दुसरी गोष्ट त्यात नाही, म्हणून महत्त्वाची. संपूर्ण लेखात 'रिअल एल' हा शब्द कुठेही नाही. का? कारण त्याची गरजच नव्हती. त्या काळी इंग्लंडच्या पबमध्ये पिंपातून येणारी जवळजवळ सगळीच बिअर आज ज्याला रिअल एल म्हणतात तीच होती. 'खरं' हे विशेषण कधी लागतं? बाजारात खोटं आलं की. आपल्याकडे 'शुद्ध तूप' हा शब्द डालडा आल्यावरच रुळला ना, तसंच.

पिंपात काय चालू असतं?

आता ही रिअल एल म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर आहे.

सातूला मोड आणून, तो भाजून त्याचा माल्ट करतात, पाण्यात त्याचा गोड रस काढतात, त्यात हॉप्स नावाची कडसर फुलं उकळतात आणि मग यीस्ट घालून तो आंबवतात. इथवर सगळ्या एल सारख्याच. फरक पुढे पडतो. साधारणपणे कारखान्यात बिअर तयार झाली की ती गाळतात, बऱ्याचदा पाश्चराइज करतात, म्हणजे त्यातलं यीस्ट मारून टाकतात, आणि बंद धातूच्या पिंपात कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली भरतात. ही 'केग' बिअर. रिअल एल मात्र यीस्ट जिवंत असतानाच पिंपात भरली जाते आणि पबच्या तळघरात पोचल्यावरही तिथे ती हळूहळू आंबत राहते. म्हणजे कारखान्यातून निघते तेव्हा ती अर्धवट असते. पूर्ण होते ती पबमध्ये.

ते काम तळघरातल्या माणसाचं. पिंप आडवं ठेवायचं, हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. पिंपाच्या वरच्या बाजूला एक भोक असतं, त्यात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी मारायची, म्हणजे जास्तीचा वायू निघून जातो. मग कडक लाकडाची मारायची, म्हणजे उरलेला आत राहतो. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सियस. 'इंग्रज कोमट बिअर पितात' असा जो विनोद आहे, तो इथून आलाय. ती कोमट नसते, आपल्या माठातल्या पाण्यापेक्षाही गार असते, फक्त फ्रिजमधली नसते. आणि ती वर येते हातपंपाने. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज संशोधकाने १७९७ मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं होतं. काउंटरवर जे उंच दांडे दिसतात, ते ओढले की तळघरातून बिअर वर येते.

आता खरी मेख. पंप ओढला की पिंपातून जेवढी बिअर जाते, तेवढी हवा आत शिरते. हवेतला ऑक्सिजन आणि जिवंत बिअर, म्हणजे घड्याळ सुरू झालं. साधारण तीन दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मलूल होते, मग आंबट होत जाते, शेवटी व्हिनेगर. घरच्या विरजणाचं दही कसं असतं, पहिल्या दिवशी काय सुरेख आणि चौथ्या दिवशी कढी करायच्या लायकीचं, तसं.

चला, थोडं गणित करू. रिअल एलच्या नेहमीच्या पिंपाला 'फर्किन' म्हणतात. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पिंट. एक पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ७२ पिंट तीन दिवसांत संपवायचे तर रोज २४. हे एका हातपंपाचं झालं. पबमध्ये पाच हातपंप असतील तर रोज १२० पिंट खपायला हवेत. माणशी दोन धरले तर रोज साठ माणसं आली पाहिजेत, तीही मंगळवारच्या पावसाळी संध्याकाळीसुद्धा.

याचा अर्थ काय? केग बिअर कारखान्यात जशी बनली तशी गिऱ्हाइकाला मिळते; पब रिकामा असो की भरलेला, तिला फरक पडत नाही. रिअल एलची चव मात्र तुमच्या शेजारी बसलेल्या माणसांवर अवलंबून असते. काल किती लोक आले होते, यावर आजचा तुमचा पिंट ठरतो. माणसं असली की एल ताजी राहते, ताजी राहिली की माणसं येतात. आणि उलट चक्र फिरायला लागलं की गिऱ्हाईक कमी, बिअर शिळी, गिऱ्हाईक आणखी कमी. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, हे दोन निकष वेगळे नाहीत. वातावरण हा त्या बिअर बनवण्याच्या प्रक्रियेचाच शेवटचा टप्पा आहे.

यातून एक व्यवहारी खूणही मिळते. रिकाम्या पबमध्ये दहा हातपंप दिसले तर हुरळून जाऊ नये. तिथे दोनच पंप असते तर बरं झालं असतं.

टेनिस क्लबची बिअर

केग बिअर जन्माला कशी आली, तेही याच गणिताने सुटतं. वॉटनी नावाची लंडनची मोठी कंपनी होती. १९३० च्या दशकात त्यांनी आपली 'रेड बॅरल' ही पाश्चराइज केलेली बिअर देशात जिथे प्रथम दिली, त्यांत ईस्ट शीन इथल्या टेनिस क्लबचं नाव येतं. टेनिस क्लबच का? कारण तिथे शनिवार-रविवारी गर्दी आणि आठवडाभर शुकशुकाट. पिंप उघडलं की सोमवारपासून बिअर खराब व्हायला लागायची. तिथे न बिघडणारी बिअर हे अगदी शहाणपणाचं उत्तर होतं. माणसं नसलेल्या जागेसाठी शोधलेलं.

पुढे काय झालं? १९६० च्या दशकात विलीनीकरणांची लाट आली आणि बिअरचा बहुतेक धंदा सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला. इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून एक पद्धत आहे, 'टाय'. म्हणजे पबची इमारत बिअर कंपनीच्या मालकीची, चालवणारा भाडेकरू, आणि त्याने त्याच कंपनीची बिअर विकायची. त्यामुळे कंपनीने ठरवलं की आता सगळीकडे केग, तर हजारो पबमध्ये एका झटक्यात केग. तळघरात कुशल माणूस नको, बिघडण्याची भीती नको, टीव्हीवर एकाच नावाची जाहिरात केली की देशभर खप. टेनिस क्लबसाठी शोधलेली बिअर गर्दीच्या पबमध्येही आली, जिथे तिची काही गरज नव्हती.

त्याच काळात पबच्या आतल्या भिंतीही पाडल्या गेल्या. जुन्या पबमध्ये चार-पाच छोट्या खोल्या असत. त्या पाडून एकच मोठा हॉल, प्लास्टिकचं फर्निचर, गालिचा. म्हणजे एल आणि वातावरण, दोन्हींवर घाव एकदमच पडले.

चार तरुण आणि एक यादी

मार्च १९७१ मध्ये वायव्य इंग्लंडमधले चार तरुण मित्र आयर्लंडला सुट्टीवर गेले होते. केरी परगण्यातल्या डनक्विन गावी, युरोपच्या अगदी पश्चिम टोकाला, क्रूगर्स नावाच्या बारमध्ये बसून आपल्या देशातल्या बिअरबद्दल कुरकुर करता करता त्यांनी एक संघटना काढली. तिचं आजचं नाव 'कॅम्पेन फॉर रिअल एल', संक्षेपात कॅमरा. आज तिचे सभासद दीड लाखाच्या आसपास आहेत. युरोपातल्या यशस्वी ग्राहक चळवळींत तिची गणना होते.

या चळवळीचं हत्यार काय होतं? मोर्चे त्यांनीही काढले, पण खरं हत्यार होतं यादी. १९७२ मध्ये काही पानं टाचून केलेली आणि १९७४ पासून रीतसर छापलेली 'गुड बिअर गाइड'. कुठल्या गावात कुठल्या पबमध्ये चांगली एल मिळते याची यादी, आणि ती करणारे कोण, तर त्या त्या भागातले सभासद, स्वतःच्या खिशातून पिंट विकत घेणारे. १९७४ च्या आवृत्तीत वॉटनीबद्दलचा शेरा इतका जळजळीत होता की तो बदलून जरा सौम्य शब्दांत पुन्हा छापावा लागला. आजही कॅमराचे सभासद पिंटला शून्य ते पाच असे गुण देतात. शून्य म्हणजे त्या पबमध्ये रिअल एलच नाही. पाच क्वचितच कुणी देतं.

बघा, इथे पबची तुलना हा रिकामटेकड्यांचा खेळ राहिला नाही. गाइडमध्ये नाव आलं की गिऱ्हाईक येणार, गिऱ्हाईक आलं की पिंप तीन दिवसांत संपणार, पिंप संपलं की एल चांगली राहणार. यादीने नुसती चांगल्या पबची नोंद केली नाही, तिने चांगले पब तयार केले.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे शेफील्ड. पोलादाचं शहर. १९८० च्या दशकात तिथले कारखाने एकामागून एक बंद पडत होते, आणि केलम आयलंड हा नदीकाठचा कारखान्यांचा भाग तर ओसाड होत चालला होता. तिथे अल्मा स्ट्रीटवर १९८१ मध्ये 'फॅट कॅट' नावाचा पब उघडला गेला. उघडणाऱ्यांतले डेव्ह विकेट हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. एकाच कंपनीशी बांधलेला नसलेला, वेगवेगळ्या कारखान्यांच्या एल ठेवणारा पब. १९९० मध्ये विकेट यांनी पबशेजारीच बिअरचा छोटा कारखाना काढला, आणि त्याच्या 'पेल रायडर' या एलला २००४ मध्ये कॅमराचा ब्रिटनमधल्या सर्वोत्तम बिअरचा मान मिळाला. पुढे तिथून चालत काही मिनिटांवर, रसेल स्ट्रीटवर, 'केलम आयलंड टॅव्हर्न' उभा राहिला, आणि २००८ व २००९ अशी सलग दोन वर्षं कॅमराचा राष्ट्रीय सर्वोत्तम पब ठरला.

या दोघांची तुलना शेफील्डमध्ये अजून चालू असते. फॅट कॅट हा खोल्यांचा पब : छोट्या खोल्या, दाटीवाटीने बसायचं, अनोळखी माणसाशी बोलणं टाळताच येत नाही. टॅव्हर्नमध्ये हातपंपांची रांग लांब आणि मागे झाडांनी भरलेलं अंगण. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने वेगळी गोष्ट बघावी. पहिला पब नसता तर दुसरा चालला असता का? एल पिणारी माणसं त्या गल्लीत यायला लागली ती पहिल्यामुळे. आपल्याकडे एका चांगल्या मिसळीच्या दुकानाशेजारी दुसरं निघतं आणि दोन्ही चालतात, तसं आहे हे.

वातावरण कुणाचं?

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. चांगली जुनी वस्तू, वाईट कंपन्या, शहाणे ग्राहक. आता जरा कडू भाग.

ऑर्वेलच्या लेखाआधी नऊ वर्षं, १९३७ च्या सुमारास, 'मास ऑब्झर्वेशन' या गटाचे निरीक्षक बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावात पबमध्ये बसून नोंदी घेत होते. कोण येतं, किती वेळ बसतं, एक पिंट किती मिनिटांत संपतो. त्यातून १९४३ मध्ये 'द पब अँड द पीपल' हे पुस्तक निघालं. त्यात पबच्या खोल्यांचा नकाशा स्पष्ट दिसतो. व्हॉल्ट आणि टॅपरूम : लाकडी बाकं, जमिनीवर भुसा, कामगार पुरुषांची जागा, बाईने पाय ठेवायचा नाही. लाउंज : गादीच्या खुर्च्या, पियानो, चांगले कपडे, बायकांना प्रवेश, आणि तीच बिअर पिंटमागे एक पेनी महाग. ती पेनी बिअरची नव्हती, भिंतीची होती.

म्हणजे ज्या छोट्या खोल्या पाडल्या म्हणून कॅमराने हळहळ व्यक्त केली, आणि जे पब वाचले त्यांची १९९१ पासून यादीही केली, त्या खोल्या कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठीही होत्या. लंडनच्या हॉबर्नमधला 'प्रिन्सेस लुईझ' बघा. १८९० च्या दशकातल्या नक्षीच्या काचा, लाकडी पडद्यांनी पाडलेले कप्पे. फार सुंदर. पण ते कप्पे का होते, हेही सुंदर काचेतून बघताना लक्षात ठेवावं.

आणि आता आपल्या माणसांशी थेट संबंध येतो. बर्मिंगहॅमजवळ स्मेथविक नावाचं गाव आहे. १९५० च्या दशकापासून तिथल्या ओतकाम कारखान्यांत भारतातून, मुख्यतः पंजाबातून, कामगार आले. भट्टीसमोर आठ-दहा तास काम करून बाहेर पडलं की घसा कोरडा, समोर पब. अनेक पबमध्ये त्यांना 'पब्लिक बार' या साध्या खोलीत उभं राहू देत, पण 'स्मोक रूम' नावाच्या चांगल्या खोलीत गेले की नकार. काही ठिकाणी सरळ बाहेर. त्याला 'कलर बार' म्हणत, आणि तो बेकायदेशीर नव्हता.

इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल हे स्वतः ओतकाम कामगार. त्यांनी एक युक्ती काढली. गोरे विद्यार्थी आधी पबमध्ये जाऊन पिंट घेत. मागून भारतीय जात. त्यांना नकार मिळाला की साक्षीदार खोलीत बसलेलेच आहेत. म्हणजे बघा, एकाच काउंटरवरची, एकाच संध्याकाळची तुलना. कॅमराच्या गाइडच्या आधीची ही पबची पाहणी होती, फक्त गुण चवीला नव्हते.

१९६४ च्या निवडणुकीत स्मेथविकमध्ये वर्णद्वेषी प्रचार इतका झाला की गावाचं नाव देशभर गाजलं. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स तिथे आले. जोहल त्यांना 'ब्लू गेट्स' या पबमध्ये घेऊन गेले. स्मोक रूममध्ये त्यांना काही द्यायला नकार मिळाला. नऊ दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदविरोधी पहिला कायदा झाला आणि सार्वजनिक जागांमधला असा भेदभाव बेकायदेशीर ठरला. बायकांना तर आणखी थांबावं लागलं. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा 'एल व्हिनो' हा वाइन बार बायकांना काउंटरपाशी उभ्याने पेय देत नसे. ते बेकायदेशीर आहे असा निकाल अपील न्यायालयाने दिला तो १९८२ मध्ये.

तेव्हा 'काय छान वातावरण होतं हो पूर्वी' असं कुणी म्हणालं की विचारावं, कुठल्या खोलीत?

पण गोष्ट इथे संपत नाही. कारखाने बंद पडले, गोरं गिऱ्हाईक आटलं, त्या भागातले पब विकायला निघाले. ते घेतले कुणी? ज्यांना आत घेत नव्हते त्यांच्यातल्याच काहींनी. वेस्ट ब्रॉमविच, स्मेथविक, बर्मिंगहॅम इथे आज ज्यांना 'देसी पब' म्हणतात ते असे तयार झाले. वेस्ट ब्रॉमविचमधला 'द व्हाइन' १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय कुटुंबाकडे आहे. काउंटरवर हातपंप, मागे निखाऱ्यावर कोंबडी, सीख कबाब, टिक्का, आणि टेबलांवर सगळ्या रंगांची माणसं. तंदूर आणि निखाऱ्यामुळे गर्दी आली, गर्दीमुळे पिंप संपू लागलं. आपलं जुनं गणितच हे. २०२३ मध्ये डेव्हिड जेसुदासन यांचं देसी पबवरचं मार्गदर्शक पुस्तक निघालं, आणि ते प्रकाशित केलं कॅमराने. जोहल यांची यादी आणि कॅमराची यादी एकमेकींना भेटायला जवळजवळ साठ वर्षं लागली.

भिंती परत बांधता येतात का?

थोडं आजच्याबद्दल. १९८९ मध्ये सरकारने बिअर कंपन्यांची मक्तेदारी मोडायचा हुकूम काढला : २,००० पेक्षा जास्त पब असलेल्या कंपनीने वरच्यातले निम्मे मोकळे करायचे. हेतू चांगला. पण कंपन्यांनी विकलेले पब मोठ्या प्रमाणावर नव्या मालमत्ता-कंपन्यांकडे गेले. त्यांचा रस बिअरमध्ये कमी, इमारतीत जास्त. पुढे सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, २००७ ची धूम्रपानबंदी, जागेच्या वाढत्या किमती, करोना. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, आता सुमारे ४५ हजार आहेत.

लंडनच्या मेडा व्हेल भागातला 'कार्लटन टॅव्हर्न' हा १९२० च्या सुमारास बांधलेला पब एका विकासकाने एप्रिल २०१५ मध्ये परवानगी न घेता पाडला. लोक चिडले, कारण इमारतीला संरक्षण देण्याचा विचार चालू होता. पालिकेने हुकूम दिला : जशी होती तशी परत बांधा. आणि ती खरंच बांधली गेली, जुन्या विटा शक्य तिथे वापरून. २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. दक्षिण लंडनच्या ननहेडमधला 'आयव्ही हाउस' २०१२ मध्ये विकला जाणार होता. रहिवाशांनी नव्या कायद्याचा आधार घेऊन विक्री थांबवली, वर्गणी काढून शेअर घेतले आणि २०१३ पासून तो सहकारी तत्त्वावर चालतो. आपल्या सहकारी संस्था माहीत असलेल्यांना त्याच्या सभांमध्ये काय होत असेल याची कल्पना येईल.

मग दोन पबची तुलना करायची तर काय बघावं? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, पंप किती आहेत ते बघू नका, माणसं आणि पंप यांचं प्रमाण बघा. दुसरी, मंगळवारी जा. शनिवारी सगळेच पब चांगले असतात. आणि तिसरी, एकटं आलेलं अनोळखी माणूस काउंटरपाशी उभं राहिलं की आतल्यांच्या गप्पा चालू राहतात की थांबतात, ते कान देऊन ऐका.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : ब्रिटिश काळात मुंबईला जी इंडिया पेल एल यायची, ती रिअल एल होती का?*

हो, आजच्या व्याख्येने होती. लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या कारखान्यातून आणि १८२० च्या दशकापासून बर्टन गावच्या ऑलसॉप, बास यांच्याकडून ती लाकडी पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायची. प्रवास महिनोन्‌महिने. आता तुम्ही म्हणाल, तीन दिवसांत खराब होणारी वस्तू इतके महिने कशी टिकली? कारण पिंप बंद होतं. हॉप्स भरपूर, हवा नाही, यीस्ट जिवंत. तीन दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते पहिला पेला ओतल्यावर. समुद्राने ती बिघडत नव्हती. मुंबईत पोचल्यावर ती संपवायला माणसं पुरेशी नसतील तर बिघडायची.

*प्रश्न : आमच्यापैकी जे दारू पीत नाहीत, त्यांनी या सगळ्याकडे का बघावं?*

चांगला प्रश्न. माल्कम एक्सही पीत नव्हते. ब्लू गेट्समध्ये ते बिअरसाठी गेले नव्हते. बाहेरच्या पाटीवर 'पब्लिक' लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच बघायला गेले होते. ते बघायला प्यावं लागत नाही.